ऑब्जेक्ट रिलेशन्सचा दादरमधला अभ्यासवर्ग: एक परीक्षण

मराठीत मानसोपचाराविषयी जे वाचायला मिळते त्यातले बरेचसे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीभोवती फिरते. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा प्रसार केला, आणि आता शाळेच्या पालकसभेतसुद्धा ‘घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला विचार जास्त त्रास देतो’ असे कुणीतरी सहज बोलून जाते. फ्रॉइड यांच्यापासून सुरू झालेल्या, मनाच्या नकळत चालणाऱ्या भागाचा शोध घेणाऱ्या मनोविश्लेषणाचे तसे झाले नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली ती १९२२ मध्ये, म्हणजे या विद्येने भारतात शंभरी ओलांडली आहे. मुंबईतही तिचे शिक्षण आणि उपचार अनेक दशके चालू आहेत, पण ते बहुतांशी इंग्रजीत. त्यामुळे दादर पश्चिमेला ऑब्जेक्ट रिलेशन्स या मनोविश्लेषणातल्याच एका सिद्धान्ताचा अभ्यासवर्ग मराठीतून घेतला जातो हे कळल्यावर मी फारसा विचार न करता नाव नोंदवले.

वर्गाला येणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः समुपदेशक आहेत, त्यांच्या कामातली उदाहरणे तिथे चर्चेला येतात, आणि माझ्या काही तक्रारीही आहेत. म्हणून संस्थेचे किंवा शिक्षिकेचे नाव येथे देत नाही. वर्ग आठ रविवारांचा असतो, वेळ सकाळी दहा ते दुपारी एक, आणि फी साडेसहा हजार रुपये आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती चार हजार पडते. मी स्वतः मध्य मुंबईतल्या एका मराठी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि माझे प्रशिक्षण विवेकनिष्ठ पद्धतीचे आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण माझ्या मतांना ती बाजू आहेच. माझा निष्कर्ष असा, की वर्ग उत्तम आहे, फी वसूल होते, आणि त्याची जी एक मोठी उणीव आहे ती ज्या सिद्धान्ताचा हा वर्ग आहे त्या सिद्धान्तातच आधीपासून आहे.

सिद्धान्त थोडक्यात सांगायला हवा, कारण त्याशिवाय पुढचे काहीच लागणार नाही. फ्रॉइड यांच्या मूळ मांडणीत माणूस आपल्या अंतःप्रेरणांचे शमन करण्यासाठी धडपडतो, आणि दुसरी व्यक्ती त्याच्या आयुष्यात येते ती त्या शमनाचे साधन म्हणून. ऑब्जेक्ट रिलेशन्सच्या अभ्यासकांनी नात्याला पहिले स्थान दिले. बाळाचे पहिल्या काही माणसांशी जे घडते त्याचे ठसे मनात राहतात, आणि त्या ठशांत प्रत्यक्ष माणूस असतो त्याहून अधिक बाळाच्या भुकेने, भीतीने, रागाने आणि ओढीने रंगवलेला माणूस असतो. मनातली अशी व्यक्ती किंवा तिचा एखादा भाग, म्हणजे या सिद्धान्तातले ‘ऑब्जेक्ट’. ही आतली माणसे, त्यांच्यासमोर उभा असलेला ‘मी’ आणि दोघांमधली भावना असे त्रिकूट मनात वस्तीला असते, आणि मोठेपणी नवरा, बायको, साहेब, सासू, डॉक्टर यांच्याशी वागताना तेच नकळत पुढे येते.

पहिल्या रविवारी शिक्षिकेने व्याख्येने सुरुवात केली नाही. त्यांनी विचारले, ‘साहेबांनी केबिनमध्ये बोलावलेय असा निरोप आला, तर आपल्या टेबलापासून केबिनच्या दारापर्यंत जाताना तुमच्या मनात कोण बोलत असते?’ वर्गात थोडा वेळ कुणी बोलेना. मग सहकारी बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘वडील. पण मॅडम, माझे वडील आयुष्यात माझ्यावर कधी ओरडले नाहीत. ते फक्त गप्प बसायचे.’ त्यावर शिक्षिका एवढेच म्हणाल्या, की मग ओरडणारे वडील कुणी तयार केले, हा या वर्गाचा विषय आहे. बाहेरचा बाप गप्प, आतला बाप ओरडणारा, आणि दोघांमधले अंतर त्या गृहस्थांनी स्वतः लहानपणी आपल्या भीतीने भरून काढलेले. पाठ्यपुस्तकाची दहा पाने वाचून जे मला धड कळले नव्हते ते त्या चार वाक्यांत कळले. शिकवण्याची ही हातोटी या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

या सिद्धान्ताचा पाया घालणाऱ्या मेलनी क्लाइन यांना दोन रविवार दिले आहेत आणि ते योग्यच आहे. व्हिएन्नात १८८२ मध्ये जन्मलेल्या, विद्यापीठाची पदवी नसलेल्या या बाई बुडापेस्ट आणि बर्लिन करत १९२६ मध्ये लंडनला आल्या आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, तिथेच राहिल्या. मोठ्या माणसाला कोचावर झोपवून मनात येईल ते बोलायला सांगतात. लहान मूल तसे बोलणार नाही, पण खेळेल, आणि त्याचा खेळ हेच त्याचे बोलणे मानता येईल, हे त्यांनी ओळखले. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र खण, त्यात छोटी लाकडी माणसे, गाड्या, कागद, कात्री. शिक्षिकेने तसा एक खोका वर्गात आणला होता. त्यातली लाकडी माणसे अगदी बोटाएवढी होती आणि त्यांच्या पोशाखावरून ती कोण आहेत हे कळत नव्हते, जेणेकरून मुलाने हवे ते नाव द्यावे. आमच्या शाळेतल्या समुपदेशन कक्षात पोलीस, डॉक्टर, नवरी अशा ठरलेल्या बाहुल्या आहेत. त्या बदलायच्या असे मी तिथल्या तिथे ठरवले, आणि त्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी या वर्गाची आभारी आहे.

त्याच दिवशी क्लाइन यांच्या १९३० सालच्या लेखातले चार वर्षांच्या डिकचे उदाहरण वाचले गेले. बोलण्यात किंवा खेळण्यात रस न घेणाऱ्या या मुलासमोर त्यांनी दोन आगगाड्या ठेवल्या, मोठीला बाबांची गाडी आणि छोटीला डिकची गाडी म्हटले. डिकने छोटी गाडी खिडकीकडे ढकलून ‘स्टेशन’ म्हटले, आणि क्लाइन यांनी लगेच सांगितले की स्टेशन म्हणजे आई आणि डिक आईच्या आत चालला आहे. वर्गात हशा पिकला. बालवाडीत पंचवीस वर्षे काढलेल्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘पोराने गाडी उचलली ना? ते महत्त्वाचं. बाईंनी काय अर्थ लावला ते राहू द्या.’ शिक्षिकेने हे म्हणणे उचलून धरले नाही आणि खोडूनही काढले नाही. डिक त्यानंतर खेळू लागला हे खरे आहे. तो अर्थामुळे खेळू लागला की कुणीतरी त्याच्या शेजारी बसून त्याच्या गाड्यांकडे इतक्या गंभीरपणे पाहिले म्हणून, यावर नव्वद वर्षांनंतरही वाद घालता येतो. मला बालवाडीच्या बाईंचे पटले.

क्लाइन यांच्या दोन ‘पोझिशन’, म्हणजे मनाच्या दोन अवस्था, मात्र फार नेमकेपणाने शिकवल्या गेल्या. पहिलीत, जिला त्यांनी १९४६ मध्ये पॅरानॉइड-स्किझॉइड म्हटले, बाळ जगाचे दोन तुकडे करते: दूध देणारी आई पूर्ण चांगली, न येणारी आई पूर्ण वाईट, आणि या दोघी एकच आहेत हे त्याला सोसत नाही. दुसरी, डिप्रेसिव्ह पोझिशन, त्यांनी आधीच, १९३५ मध्ये मांडली होती. तिच्यात बाळाला उमगते की ज्या आईवर आपण मनातल्या मनात दात रोवले ती आणि जिच्या कुशीत आपण झोपतो ती एकच आहे. त्यातून अपराधीपणा येतो, हळहळ येते, आणि बिघडवलेले दुरुस्त करण्याची इच्छाही येते. या दोन अवस्था ओलांडून आपण कायमचे पुढे जात नाही, आयुष्यभर त्यांच्यात ये-जा करतो, यावर शिक्षिकेने वारंवार भर दिला.

यावरचे त्यांचे उदाहरण शाळेतले होते. नववीतली एक मुलगी, जिच्या लेखी मराठीच्या बाई देवी आणि गणिताच्या बाई राक्षसीण. इथपर्यंत नवल काही नाही. पुढची गोष्ट अशी, की महिन्याभरात त्या दोन बाईंमध्येच जुंपते. एकीला वाटते की ही पोर बिचारी आहे आणि तिला फक्त मीच समजू शकते, दुसरीला वाटते की ही पोर आपल्याला मुद्दाम छळते आणि तिला वेळीच वठणीवर आणायला हवे, आणि शेवटी शिक्षककक्षाचेच दोन तट पडतात. मुलीच्या आतले विभाजन आता बाहेरच्या माणसांच्या अंगात शिरून बोलू लागलेले असते. यालाच प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन म्हणतात. ही क्लाइन यांची सर्वांत अवघड कल्पना मानली जाते, पण ज्याने शाळेच्या शिक्षककक्षात एक वर्ष काढले आहे त्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असते, फक्त तिला ‘राजकारण’ म्हटलेले असते.

रोनाल्ड फेअरबर्न यांच्या वाट्याला एकच रविवार आला. माझ्या मते तो या वर्गाचा सर्वोत्तम दिवस होता. हे गृहस्थ लंडनच्या मनोविश्लेषकांमधल्या गटबाजीपासून दूर एडिनबरोत राहिले, तिथल्या मुलांच्या दवाखान्यात त्यांनी काम केले, आणि माणूस मुळात सुख शोधत नसून माणूस शोधतो, ही या सिद्धान्ताची सर्वांत स्वच्छ मांडणी त्यांची आहे. त्यांना एक कोडे पडले होते: ज्या मुलांना घरी मारले जाते, ज्यांची आबाळ होते, ती मुले आईवडिलांविषयी वाईट बोलायला इतकी नाखूश का असतात? त्यांचे १९४३ मधले उत्तर असे, की मुलाला आईबापांवाचून जगता येत नाही. ते वाईट आहेत हे मान्य केले तर जग राहण्याजोगेच उरत नाही. त्यापेक्षा वाईटपणा स्वतःकडे घेणे परवडते, कारण मी वाईट असेन तर मी सुधारलो की सगळे ठीक होईल अशी आशा तरी राहते. याला त्यांनी ‘मॉरल डिफेन्स’ असे नाव दिले.

माझ्या कक्षात गालावर बोटे उमटलेली मुले येतात. ‘काय झालं रे?’ असे विचारले की उत्तर जवळजवळ ठरलेले असते: ‘काही नाही बाई, मीच मस्ती करत होतो.’ विवेकनिष्ठ पद्धतीत वाढलेली मी या वाक्यात अविवेकी समजूत शोधत असे आणि ‘चूक तुझी नाही’ हे मुलाला पटवण्याची घाई करत असे. फेअरबर्न वाचल्यावर या घाईतला धोका दिसतो. मुलाच्या हातातली एकमेव आशा आपण काढून घेत असतो, आणि तिच्या जागी द्यायला आपल्याकडे आठवड्यातून एक तास असतो. आधी मुलाला एक असा माणूस मिळायला हवा ज्याच्या भरवशावर ते वाईट आईबापांकडे सरळ पाहू शकेल; समजूत नंतर. मात्र शिक्षिकेने येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे: मुलाच्या आत काय चालले आहे याचा विचार करत बसण्याआधी ते मूल आज रात्री घरी सुरक्षित आहे का हे पाहावे, आणि नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. सिद्धान्त कितीही खोल असला तरी तो या कामाची जागा घेत नाही.

डोनाल्ड विनिकॉट यांना पुन्हा दोन रविवार, आणि गृहपाठही त्यांच्याच निमित्ताने. विनिकॉट मुळात बालरोगतज्ज्ञ. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे बाळे आणि त्यांच्या आया पाहिल्या, आणि तो दवाखान्याचा वास त्यांच्या लेखनाला येतो. त्यांचा १९४१ चा चमच्याचा प्रयोग शिक्षिकेने टेबलावर करून दाखवला. पाच ते तेरा महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर बसलेले, समोर टेबलाच्या कडेला जीभ दाबण्याचा चकचकीत चमचा ठेवलेला. बाळ हात पुढे करते आणि थबकते; आईकडे पाहते, डॉक्टरांकडे पाहते. मग हळूहळू त्याच्या तोंडाला पाणी सुटते, ते चमचा उचलून तोंडात घालते, तो आता आपलाच आहे अशा थाटात आपटते. शेवटी तो जणू चुकून खाली पाडते, आणि उचलून दिला की मुद्दाम पाडते. विनिकॉट यांचे सारे लक्ष त्या थबकण्यावर होते. मोठ्यांनी चमचा हातात कोंबला नाही, तर बाळ आपल्या इच्छेपर्यंत आपल्या वेळेने पोचते, आणि त्यांच्या मते उपचारही असाच असावा.

गृहपाठ असा होता, की ओळखीच्या घरी जाऊन एखाद्या बाळाकडे एक तास पाहायचे, मध्ये काही करायचे नाही, काही टिपून घ्यायचे नाही, आणि घरी येऊन आठवेल तसे लिहायचे. एस्थर बिक यांनी १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ही पद्धत रुजवली. तिथे ती आठवड्याला एक तास याप्रमाणे दोन वर्षे चालते, इथे तिची चव फक्त मिळते. मी आमच्याच इमारतीतल्या एका घरी गेले. चौदा महिन्यांची मुलगी, आई कामावर, घरी आजी आणि धाकटी आत्या. त्या तासात ती मुलगी आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचे एक टोक दोन बोटांत धरून चोळत होती. तोंडात टोक, हातात टोक, आणि आत्याने ते सोडवून दुसरे धुतलेले कापड दिले तेव्हा तिने ते नीट पाहून बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापाशी गेली. आजी म्हणाली, ‘धुवायला टाकली की रात्रभर झोपू देत नाही.’ विनिकॉट यांनी १९५१ मध्ये वाचून दाखवलेल्या निबंधात जवळजवळ हेच आहे: ती वस्तू धुवायची नसते, कारण वास गेला की तिच्यातले सातत्य जाते, ती मऊ गोष्ट आईही नाही आणि बाळही नाही, दोघांमधल्या जागेतली आहे, आणि ही तुला मिळाली की तूच तयार केलीस, असा प्रश्न बाळाला कुणी विचारत नाही. खेळ, कला, धर्म हे सगळे त्यांनी पुढे त्याच मधल्या जागेत वसवले.

‘पुरेशी चांगली आई’ या त्यांच्या प्रसिद्ध कल्पनेवर वर्गात जी चर्चा झाली ती मात्र अपुरी वाटली. आई सुरुवातीला बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळते आणि मग बाळाला सोसेल तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते. हे कमी पडणेच बाळाला बाहेरचे जग दाखवते. परिपूर्ण आई बाळाच्या कामाची नसते, हे ऐकून वर्गातल्या नोकरी करणाऱ्या बायकांना हायसे वाटले. पण माझ्या गृहपाठातल्या घरात ‘आई’ हे काम तीन बायकांमध्ये वाटलेले होते, चौथी दुपारी शेजारून येत होती, आणि विनिकॉट यांच्या पानांवर बाळाभोवती इतकी गर्दी नसते. मी हे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की आजी आणि आत्या मिळूनच आईचे कार्य करतात. असेल, पण तीन जणींच्या हातांना तीन वास असतात, आणि गोधडी आजीच्याच लुगड्याची का, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही.

विल्फ्रेड बियॉन यांचा दिवस सर्वांत कठीण असेल अशी माझी भीती होती, ती खोटी ठरली. बियॉन यांचा जन्म १८९७ मध्ये मथुरेचा. आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडला शाळेत धाडले, आणि १९७९ मध्ये ते वारले तोवर भारतात परतणे झाले नाही. त्यांची कल्पना शिक्षिकेने अशी सांगितली: बाळाला भीती वाटते तेव्हा ती भीती आहे हेही त्याला कळत नाही, ते नुसते मरणप्राय काहीतरी असते, आणि बाळ ते रडून आईत ओतते, आई ते घाबरून परत फेकत नाही, स्वतःत ठेवते, त्याला अर्थ देते, आणि मऊ भात कुसकरून भरवावा तसे बाळाला पचेल अशा रूपात परत देते. बाळाला पुढे कधीतरी स्वतःच्या भावना स्वतः पचवता येतात, त्या या अनुभवाच्या जोरावर. येथे एका समुपदेशकाने आपल्या सत्राची टिपणे वाचून दाखवली, ज्यात समोरचा माणूस बोलत असताना त्यांना अनावर झोप येत होती. ही झोप कुणाची, त्यांची स्वतःची की समोरच्याने त्यांच्यात ओतलेली, यावर तासभर झालेली चर्चा वर्गातल्या सर्वांत जिवंत चर्चांपैकी एक होती.

आता मेगाब्लॉकची हकीकत. वर्ग बरोबर दहाला सुरू होतो आणि दार बंद होते. उशिरा येणाऱ्याने मधल्या सुटीपर्यंत बाहेर थांबायचे. एका रविवारी मध्य रेल्वेवर ब्लॉक होता, डोंबिवली-कल्याणकडची मंडळी घामाघूम होऊन पोचली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, आणि त्यांना जिन्यात बसावे लागले. सुटीनंतर त्यांनी राग व्यक्त केला, तो अगदी रास्त होता. शिक्षिकेने त्या रागाचाच पाठ केला: उपचाराच्या तासाला ठरलेली वेळ ही चौकट असते, बंद दारासमोर आपल्या आत कोणती न थांबणारी आई जागी होते ते पाहा, वगैरे. दोघातिघांना खरोखरच काही सापडले, ते डोळे पुसत बोलले. पण एक तरुण शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, माझ्या आत कुणी नाही जागं झालं. दिवा स्टेशनात गाडी अर्धा तास उभी होती.’ वर्ग हसला आणि विषय तिथेच राहिला. माझ्या दृष्टीने त्या तरुणाने या सिद्धान्तावरची सर्वांत जुनी टीका एका वाक्यात केली होती: आतल्या माणसांकडे पाहताना बाहेर खरोखर काय घडले ते राहून जाते.

ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी १९३८ च्या सुमारास क्लाइन यांच्या देखरेखीखाली एका लहान मुलावर उपचार करत होते. मुलाची आई अत्यंत चिंताग्रस्त दिसत होती, बोल्बी यांना तिच्याशी बोलायचे होते, आणि क्लाइन यांनी त्याला मनाई केली, कारण काम मुलाच्या आतल्या आईशी होते. काही महिन्यांत ती बाहेरची आई मनोरुग्णालयात दाखल झाली. बोल्बी यांनी पुढे प्रत्यक्ष विरहाचा, प्रत्यक्ष आईचा अभ्यास हेच आपले काम मानले, आणि त्यातून अटॅचमेंटचा, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातल्या प्रत्यक्ष बंधाचा, सिद्धान्त उभा राहिला. या वर्गात बोल्बी शेवटच्या रविवारी, मार्गारेट माहलर आणि ओटो कर्नबर्ग या नंतरच्या अभ्यासकांसह, एका तासात उरकले गेले. अर्भकांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेली डॅनियल स्टर्न यांची १९८५ ची मांडणी, जिच्यानुसार बाळ अगदी सुरुवातीपासून स्वतःला आणि दुसऱ्याला काही प्रमाणात वेगळे ओळखते आणि त्यामुळे बाळ सुरुवातीला आईशी एकरूप असते या माहलर यांच्या बाल्यकथेचा पायाच हलतो, ती केवळ नावापुरती आली. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांच्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकातला, भारतीय मुलगा आईच्या दीर्घ सहवासातून चार-पाच वर्षांचा असताना अचानक पुरुषांच्या जगात ढकलला जातो, हा विचार शिक्षिकेने दहा मिनिटांत सांगितला आणि ‘वेळ झाली’ म्हणून वर्ग संपवला. सात रविवार लंडनला आणि एडिनबरोला दिल्यावर आपल्याकडच्या घरांना दहा मिनिटे, ही विभागणी मुंबईत मराठीतून चालणाऱ्या वर्गाला शोभत नाही. एक रविवार वाढवावा आणि फी पाचशेने वाढवावी. कुणी तक्रार करणार नाही.

व्यवस्थेविषयी थोडे. सभागृह जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर लग्नसराईत बँडचा आवाज आत येतो. ध्वनिक्षेपक आहे पण तो खरखरतो, म्हणून पुढच्या तीन ओळींत जागा धरावी. वाचनसाहित्य इंग्रजी लेखांच्या झेरॉक्सचे आहे आणि काही पाने इतकी तिरकी आली आहेत की समासाकडची अक्षरे कापली गेली आहेत. शिकवणे मराठीतून आणि वाचायचे सगळे इंग्रजीतून, यामुळे बालवाडीच्या त्या बाईंसारख्या माणसांना, ज्यांना या विषयात सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे, दर आठवड्याला कुणाची तरी मदत घ्यावी लागते. शिक्षिकेच्या मराठी टिपणांचा एक सुटसुटीत संच काढला तर संस्थेने मोठे काम केले असे होईल. ध्वनिमुद्रण करू देत नाहीत, आणि चर्चेतली उदाहरणे पाहता ते बरोबरच आहे.

वर्गाच्या शेवटी सहभागाचे प्रमाणपत्र मिळते. त्याच्या जोरावर कुणी उपचार सुरू करू नयेत, हे संस्थाही बजावून सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि मनोविश्लेषक व्हायचे तर स्वतःचे विश्लेषण करून घेणे, देखरेखीखाली काम करणे अशी अनेक वर्षांची तयारी करावी लागते. स्वतःच्या मनाच्या त्रासावर उपाय म्हणूनही या वर्गाला जाऊ नये. नुकताच कुणाचा मृत्यू किंवा घटस्फोट झाला असेल तर थोडे थांबून जावे, कारण येथे जुन्या गोष्टी वर येतात आणि त्या सावरायला शिक्षिकेकडे तीस माणसांमध्ये वेळ नसतो. शिक्षक, समुपदेशक, परिचारिका, पाळणाघर चालवणाऱ्या बायका, आणि विवेकनिष्ठ पद्धत शिकून जिथे अडल्यासारखे होते तिथे पुढे पाहू इच्छिणारे, यांनी अवश्य जावे. नावनोंदणी फोनवर होते, निम्मी फी आगाऊ घेतात आणि ती परत मिळत नाही. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी शनिवारी रात्री ब्लॉकचे वेळापत्रक पाहून ठेवावे.